महिना ३००० रुपयांत वेब आणि मेल सर्व्हर दोन ठिकाणी ठेवायचे आहेत, कशी मांडणी करावी?

गावभागकर

नमस्कार मंडळी,

सांगलीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सिस्टिम, नेटवर्क, प्रिंटर, हजेरीचं मशीन असं सगळंच बघतो. कारखाना कुपवाड एमआयडीसीत आहे, ऑफिस गावभागात. निम्मा माल परदेशात जातो. ड्रॉइंग, पर्चेस ऑर्डर, इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळं मेलवर येतं-जातं.

आज सगळं एकाच मशीनवर आहे आणि ते ऑफिसात पहिल्या मजल्यावर आहे. डेबियन लिनक्स, मेल घेणारं-पाठवणारं पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट, वेबमेलला राउंडक्यूब. त्याच मशीनवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, कंपनीची वेबसाइट आणि गिऱ्हाइकांसाठी एक छोटं पोर्टल, ज्यात ऑर्डर कुठवर आली ते दिसतं. पोर्टलचा डेटा मारियाडीबी या डेटाबेसात. मेलबॉक्स ६०, सगळी मेल मिळून १८० जीबी. ब्रॉडबँडला स्टॅटिक आयपी घेतलेला आहे. डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय, रजिस्ट्रारकडेच (जिथून डोमेन घेतलं तिथे), डोमेनबरोबर फुकट मिळालेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ आहे. तेव्हा मशीन भिजलं नाही, पण वीज नाही, इंटरनेट नाही आणि ऑफिसपर्यंत जायला रस्ताही नाही. आठवडा उलटला तरी मेल बंद. बाहेरच्या दोन गिऱ्हाइकांची मेल त्यांना परत गेली आणि आमची कंपनी बंद पडली की काय अशी विचारणा फोनवर झाली. जुलै २०२१ ला पुन्हा तेच. आता मालकांनी सांगितलंय की पुढच्या पावसाळ्याच्या आत याचा बंदोबस्त करा. एकरकमी ४०,००० आणि पुढे महिना ३००० रुपये मंजूर आहेत.

माझ्या डोक्यात असं आहे: एक मशीन गावभागात, एक कुपवाडला. दोन्हीकडे डीआरबीडी लावून डिस्क सतत सारखी ठेवायची, वर कीपअलाइव्हड, आणि एक पडलं की दुसऱ्याने आपोआप ताबा घ्यायचा. डेटाबेस दोन्हीकडे सारखा ठेवायला गॅलेरा. हे बरोबर आहे का? बॅकअप एमएक्स, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेऊन ठेवणारा दुसरा सर्व्हर, ठेवला तर भागेल का? आणि मेलबॉक्स दोन्हीकडे सारखे कसे ठेवायचे?

अमोघ_पुणे

मेल स्वतः चालवायचा हट्ट सोडा. गुगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे टाका आणि शांत झोपा. वेबसाइटला साधं शेअर्ड होस्टिंग पुरे.

गावभागकर

@अमोघ, तो हिशोब मांडून झालाय. माणशी महिना दीडशे रुपये धरले तरी ६० जणांचे ९००० होतात. मालक ३००० च्या वर जाणार नाहीत. शिवाय शॉपफ्लोरवरच्या ३०-३५ जणांना दिवसाला चार मेल येतात, त्यांच्यासाठी एवढा खर्च कुणाला पटवणार.

टपालखातं

गावभागकर, तुमचा प्रश्न मनाला भिडला, म्हणून सविस्तर लिहितो. कोल्हापूर भागातल्या दोन-तीन संस्थांचे सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळतोय. त्यातल्या एकीला तुमच्यासारखाच पुराचा त्रास आहे.

आधी डीआरबीडी, कीपअलाइव्हड आणि गॅलेरा हे तिन्ही कागदावरून खोडा. ती वाईट नाहीत, उत्तम आहेत, पण तुमच्या जागेसाठी नाहीत. कीपअलाइव्हड व्हीआरआरपीवर चालतं. एकाच नेटवर्कमध्ये शेजारी असलेल्या दोन मशीनमध्ये एक आयपी इकडून तिकडे सरकवणं हे त्याचं काम. गावभागचा ब्रॉडबँडचा आयपी कुपवाडच्या लाइनवर जाऊच शकत नाही. डीआरबीडीच्या सिंक्रोनस पद्धतीत पलीकडच्या डिस्कने होकार दिल्याशिवाय इकडचं लिहिणं पूर्ण होत नाही, म्हणजे ब्रॉडबँड रेंगाळला की तुमचा मेल सर्व्हर रेंगाळला. गॅलेराला बहुमत लागतं, म्हणून किमान तीन नोड (मशीन) लागतात, नाहीतर दोन नोड आणि एक पंच.

आणि 'आपोआप ताबा' हा यातला सगळ्यात घातक भाग आहे. दोनच मशीन आहेत आणि मधली लाइन तुटली, तर प्रत्येकाला दुसरं मेलेलं दिसतं. दोघंही स्वतःला मुख्य समजतात, दोघंही मेल घेतात, दोघंही पोर्टलवर नोंदी करतात. लाइन जोडली गेल्यावर तुमच्या हातात दोन वेगवेगळी सत्यं असतात आणि ती एकत्र करायला कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. मोठ्या कंपन्या हे टाळायला तिसरा साक्षीदार ठेवतात, बिघडलेल्या मशीनची वीज दुरून तोडायची सोय ठेवतात. तीन हजारांत ते बसत नाही. तुमच्याकडे ताबा बदलायचा निर्णय माणसाने घ्यावा, तुम्ही किंवा तुमच्या गैरहजेरीत ज्याच्याकडे चावी असेल त्याने.

आता मुद्द्याचं. नक्की कशापासून वाचायचं आहे ते ठरवा. गावभाग आणि कुपवाड ही दोन ठिकाणं आहेत, पण संकट एकच आहे. कुपवाड उंचावर आहे, तिथे पाणी आलं नसेल. पण वीज, फायबर आणि तुम्ही स्वतः, तिन्ही एकाच शहरातले. दुसरी जागा अशी हवी की जिचं बंद पडायचं कारण वेगळं असेल. वेगळं शहर, वेगळी कंपनी, वेगळ्या खात्यातून भरलेलं बिल. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांची बॅकअपही त्याच आवारात होती त्यांतल्या कित्येकांचं दोन्ही गेलं. तिथे मशीनची कमतरता नव्हती, कारणं वेगळी नव्हती.

म्हणून माझी मांडणी अशी. मुख्य मशीन गावभागातून हलवून मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) न्या: ४ जीबी रॅम, २५० ते ३०० जीबी डिस्क, दीड हजाराच्या आसपास पडेल. दुसरा व्हीपीएस दुसऱ्या कंपनीचा, बेंगळुरू किंवा सिंगापूर, २ जीबी रॅम, छोटी डिस्क, सात-आठशे रुपये. आणि कुपवाडला एक रिफर्बिश्ड छोटा डेस्कटॉप, लॅमिंग्टन रोडवर १२-१५ हजारांत चांगला मिळतो. त्यात दोन टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये. हे कुपवाडचं मशीन जगाला दिसणार नाही. रोज रात्री मुंबईहून सगळं स्वतः ओढून आणायचं आणि जुन्या तारखांच्या प्रतीही ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. ओढून आणायचं, हे महत्त्वाचं. मुंबईच्या मशीनकडे कुपवाडची चावी नसली पाहिजे. उद्या कुणी मुंबईचं मशीन फोडलं तरी त्याला तुमच्या बॅकअपपर्यंत वाट मिळता कामा नये.

ऑफिसच्या लाइनवरून मेल पाठवणं तसंही बंद केलं पाहिजे. घरगुती आणि छोट्या ब्रॉडबँडचे आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांवरून थेट मेल येऊ नये असे आयपी) असतात आणि पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) मनासारखी करून मिळेलच असं नाही.

आता मेलबद्दल जे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे नेणारा एसएमटीपी हा मुळातच धीराचा प्रोटोकॉल आहे. पोस्टमनला घराला कुलूप दिसलं तर तो पत्र फाडत नाही, पुन्हा येतो. त्याचे नियम लिहिलेलं आरएफसी ५३२१ सांगतं की पाठवणाऱ्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं. पोस्टफिक्सची मूळ सेटिंग पाच दिवसांची आहे. म्हणजे तुमचा सर्व्हर रात्रभर बंद राहिला तर आलेली मेल हरवत नाही, उशिरा येते. पण सगळे एवढं थांबत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर मूळ सेटिंगवर दोनच दिवस थांबतो, आणि परदेशातल्या कारखान्यांत एक्स्चेंज भरपूर आहे. तुमच्या गिऱ्हाइकांची मेल परत गेली ती बहुतेक यामुळेच.

तेव्हा बॅकअप एमएक्स ठेवा, पण नीट ठेवा. दुसऱ्या व्हीपीएसला एमएक्स २०, मुंबईला १० (लहान आकड्याकडे मेल आधी जाते). त्यावर तुमच्या ६० पत्त्यांची यादी असलीच पाहिजे, पोस्टफिक्समध्ये त्यासाठी रिले रेसिपियंट मॅप्स आहे. यादी नसेल तर तो कुठल्याही पत्त्याची मेल घेतो, मुंबई ती नाकारते, आणि मग तुमचा सर्व्हर खोट्या पाठवणाऱ्यांच्या नावावर निरपराध लोकांना परतीची मेल पाठवत सुटतो. दोन दिवसांत काळ्या यादीत जाल. स्पॅमवाले मुद्दाम मोठ्या आकड्याच्या एमएक्सवर येतात, कारण तिथे गाळणी ढिली असते हे त्यांना माहीत आहे. म्हणून गाळणीही दोन्हीकडे सारखीच. आणि मुंबईवर एसपीएफ (कोणत्या आयपीवरून त्या डोमेनची मेल यावी याची नोंद) तपासताना दुसऱ्या व्हीपीएसच्या आयपीला सूट द्या. नाहीतर तिकडून पुढे आलेली प्रत्येक खरी मेल 'भलत्याच मशीनवरून आली' म्हणून नाकारली जाईल. हे फार ठिकाणी राहून जातं. ज्या दिवशी बॅकअप कामाला येतो नेमकं त्याच दिवशी ते कळतं.

रांगेत मेल किती दिवस थांबावी ही सेटिंग दुसऱ्या व्हीपीएसवर पाचवरून पंधरा दिवस करा.

मेलबॉक्सची नक्कल हा खरा अवघड भाग. आणि इथे एक सावधानतेची सूचना: इंटरनेटवर डव्हकॉटच्या दुतर्फा रेप्लिकेशनचे खूप लेख सापडतील. ती सोय २.३ पर्यंत होती, जानेवारी २०२५ ला आलेल्या २.४ मधून काढून टाकली आहे. तिच्यावर नवीन घर बांधू नका. डीसिंक ही आज्ञा मात्र अजून आहे. तिने दर दहा मिनिटांनी मुंबईहून दुसऱ्या व्हीपीएसवर एकतर्फी नक्कल करा. आणि १८० जीबी तिथे न्यायची गरज नाही, डीसिंकला अमुक तारखेपासूनचीच मेल घे असं सांगता येतं. मागचे ६० दिवस पुरेत. संकटाच्या आठवड्यात माणसाला चालू ऑर्डरचा धागा लागतो, २०१६ चं कोटेशन लागत नाही. त्यामुळेच दुसरा व्हीपीएस सात-आठशेत बसतो.

पण नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून इनबॉक्स रिकामा केला तर काही मिनिटांत दुसरीकडेही तो रिकामाच दिसेल. त्यासाठी कुपवाडच्या जुन्या तारखांच्या प्रती, रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअप सॉफ्टवेअरपैकी जे जमेल ते.

वेबचं सोपं आहे. वेबसाइटच्या फायली आरसिंकने दोन्हीकडे. पोर्टलसाठी मारियाडीबीचं साधं एकतर्फी रेप्लिकेशन, दुसरीकडचा डेटाबेस फक्त वाचण्यापुरता.

नीलांबरी_चिपळूण

टपालखातं सरांचं पटलं. आम्हीही २०२१ च्या पुरानंतर अशाच वाटेने गेलो. बाहेर जाणाऱ्या मेलबद्दल माझी भर.

व्हीपीएस घेताना पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा: बाहेर जाणारं पोर्ट २५ (मेल पाठवायचं) उघडं आहे का, पीटीआर स्वतः लावता येतं का, आणि मिळणारा आयपी कुठल्या काळ्या यादीत आहे का. बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ मुळातच बंद ठेवतात आणि काही विनंती करूनही उघडत नाहीत. तासाच्या हिशोबाने बिल लागणारा व्हीपीएस असेल तर आयपी तपासा, खराब निघाला तर मशीन मोडून दुसरं घ्या. खराब आयपी सुधारत बसण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

एसपीएफमध्ये दोन्ही आयपी, डीकिमची (मेल खरी असल्याची डिजिटल) सही दोन्हीकडे, पीटीआर दोन्हीकडे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे नियम कडक केले आहेत. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जास्त अटी आहेत, पण पीटीआर आणि एसपीएफ किंवा डीकिम छोट्यांनाही चुकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, राखीव मशीन गप्प बसवून ठेवू नका. वर्षभर एकही मेल न पाठवलेल्या आयपीवरून एका सकाळी अचानक ६० जणांची मेल जायला लागली की समोरचे सर्व्हर संशय घेतात. आमच्याकडे हजेरीचे, स्टॉकचे आणि फी भरल्याचे आपोआप जाणारे मेसेज कायम दुसऱ्या मशीनवरून जातात. त्यामुळे त्याची ओळख टिकून राहते आणि ते चालू आहे हे रोज कळतं.

गावभागकर

दोघांचेही मनापासून आभार. डीआरबीडीवर मी दोन रविवार घालवणार होतो, ते वाचले.

आता तीन शंका. एक, मुंबईचं मशीन पडलं तर नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करायचं? दोन, डीएनएस रजिस्ट्रारकडे आहे तसा ठेवू का? तीन, दोन्ही मशीनना एकाच नावाचं सर्टिफिकेट कसं मिळतं? लेट्स एन्क्रिप्ट वापरतो.

टपालखातं

डीएनएसपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. दोन सर्व्हर आहेत पण नाव शोधून देणारं एकच ठिकाण असेल, तर तुमच्याकडे एकच सर्व्हर आहे. २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटर, गिटहबसारख्या साइट लोकांना दिसेनाशा झाल्या. त्यांची स्वतःची मशीन चालू होती, पण नावाचा पत्ता सांगणारं कुणी नव्हतं. दुय्यम डीएनएस वेगळ्या जागी आणि वेगळ्या नेटवर्कवर ठेवा हे आरएफसी २१८२ मध्ये १९९७ सालीच लिहून ठेवलंय.

हे फुकटात होतं. हरिकेन इलेक्ट्रिक ही कंपनी एका खात्यावर ५० डोमेनपर्यंत दुय्यम डीएनएस मोफत देते. तुम्ही प्राथमिक डीएनएस सर्व्हर (बाइंड) स्वतः चालवा, ते त्याची नक्कल घेऊन जगाला उत्तरं देतील. पण प्राथमिक डीएनएस मुंबईच्या मुख्य मशीनवर ठेवू नका. ते मशीन पडेल तेव्हाच तुम्हाला नोंद बदलायची असणार, आणि बदलायची जागाच त्याच्याबरोबर गेलेली असेल. प्राथमिक ठेवा दुसऱ्या व्हीपीएसवर. तो पडला तर हरिकेनकडची नक्कल एक्स्पायरची मुदत संपेपर्यंत उत्तरं देत राहते, ती १४ दिवस ठेवा. सर्व्हरच्या ए नोंदींना (नावाचा आयपी सांगणाऱ्या) टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत, ३०० सेकंद, एमएक्स आणि एनएसला एक दिवस चालेल.

सर्टिफिकेटसाठी डीएनएस पद्धतीने पडताळणी करा. वेबच्या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या मागे जाऊन जे मशीन सापडेल तिथेच फाइल शोधतं, त्यामुळे राखीव मशीनला कधीच सर्टिफिकेट मिळत नाही आणि गरजेच्या दिवशी ब्राउझर लाल पाटी दाखवतो. डीएनएस पद्धतीत दोन्ही मशीन आपापलं सर्टिफिकेट घेतात. मुदत ९० दिवसांची असते आणि संपत आल्याची मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केली आहे, तेव्हा तारखेवर लक्ष तुम्हीच ठेवायचं.

आता मशीन पडल्यावरचा क्रम. इथे घाई हाच शत्रू.

पहिले चार तास काहीच बदलायचं नाही. बाहेरून येणारी मेल दुसऱ्या व्हीपीएसच्या रांगेत साठतेय, हरवत काही नाही. मुंबईच्या कंपनीला तिकीट टाका, त्यांच्या स्टेटस पानावर काय आहे ते बघा, मालकांना आणि विक्री विभागाला फोन करून सांगा. बहुतेक बिघाड एवढ्यातच संपतात आणि रांग आपोआप मुंबईला जाते. वेबसाइट मात्र लगेच दुसरीकडे वळवली तरी चालते, तिच्यात कुणी काही लिहीत नाही.

चार तासांनंतरही मुंबई उठली नाही तर ताबा बदला. सगळ्यात आधी मुंबईचं मशीन परत येणार नाही याची खात्री करा. कंपनीच्या पॅनेलमधून ते बंद करा. पॅनेल उघडत नसेल तर दुसऱ्या व्हीपीएसच्या फायरवॉलमधून मुंबईचा आयपी अडवा आणि दहा मिनिटांची नक्कल थांबवा. नाहीतर ते मध्यरात्री उठेल आणि जुनी अवस्था नव्यावर चढवून मोकळं होईल. मग दुसऱ्या व्हीपीएसच्या पोस्टफिक्सला सांगा की आता पुढे ढकलू नको, इथेच पोचव. त्याआधी सॉफ्ट बाउन्स चालू करा. ही सेटिंग चालू असली की पोस्टफिक्स 'असा पत्ताच नाही' असं कायमचं ५५० चं उत्तर द्यायच्या जागी 'नंतर या' असं तात्पुरतं उत्तर देतं. घाईगर्दीत एखादा पत्ता यादीत राहिला असेल, पासवर्डची फाइल आली नसेल, तरी गिऱ्हाइकाची मेल परत जात नाही, पुन्हा येते. बंद पडलेला सर्व्हर मेल घालवत नाही, अर्धवट चालू असलेला घालवतो. एक दिवस सगळं सुरळीत दिसलं की ती सेटिंग काढा.

रांगेतली मेल पुढे पोचू द्या, आयमॅप (मेल वाचायची सेवा) आणि वेबमेलच्या ए नोंदी बदला, डीएनएसच्या झोन फाइलचा अनुक्रमांक वाढवायला विसरू नका. पोर्टलचा डेटाबेस लिहिता करा. लोकांना सांगा की मागचे ६० दिवस दिसतील, बाकी सुरक्षित आहे. शेवटच्या दहा मिनिटांतली काही मेल तेवढी मुंबईत अडकलेली असेल, ती मशीन उठल्यावर मिळेल.

परतीचा प्रवास रविवारी करा. आधी दुसऱ्या व्हीपीएसवरून मुंबईकडे उलटी नक्कल, आणि ती भर घालणारी असावी, जुनी मेल पुसणारी नसावी, कारण दुसरीकडे ६० दिवसांचीच आहे. डीसिंकमध्ये सिंक आणि बॅकअप अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. इथे सिंक. बॅकअप चालवलीत तर ती मुंबईची जुनी मेल पुसून दोन्ही बाजू सारख्या करेल.

मुंबईचं मशीन कायमचंच गेलं तर कुपवाडहून नवीन मशीनवर १८० जीबी चढवावे लागतील. ५० एमबीपीएस अपलोडला कागदावर आठ तास लागतात, प्रत्यक्षात रात्र आणि पुढचा अर्धा दिवस धरा. लोक तोपर्यंत दुसऱ्या मशीनवर काम करत असतील, म्हणून घाई नाही.

हा क्रम छापून कारखान्यात आणि तुमच्या घरी ठेवा, पासवर्ड बंद पाकिटात मालकांकडे. आणि मार्च-एप्रिलमध्ये, पावसाच्या आधी, एका शनिवारी संध्याकाळी मुंबईचं मशीन मुद्दाम बंद करून सगळं एकदा करून बघा. शक्य तर तुम्ही मागे उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी कागद वाचून करू द्या. कागदावर कोणती ओळ कमी आहे ते तसंच कळतं. २०१९ ला तुमच्या मशीनला पाणी लागलं नव्हतं, तुम्हाला तिथपर्यंत पोचता आलं नव्हतं, हे विसरू नका.

रात्रपाळी

वरचं सगळं उत्तम. दोन जागा राहिल्यात.

डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाची मेल कुठे येते? ती त्याच डोमेनच्या मेलबॉक्सवर येत असेल तर मेल बंद पडल्यावर सूचनाही बंद. रजिस्ट्रारकडे बाहेरचा पत्ता द्या, ओटीपीचा मोबाइल सोडून गेलेल्या माणसाचा नाही ना ते बघा. डॉट कॉम एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरता येतं. तुमच्या ४०,००० मधून आजच भरून टाका.

दुसरं, पहारा. अपटाइम कुमा हे सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर कुपवाडच्या मशीनवर लावा, तिथून दोन्ही व्हीपीएस बघता येतील, आणि सूचना टेलिग्रामवर घ्या, मेलवर नको. कुपवाडचीच वीज गेली तर पहारा बंद पडेल, म्हणून उलट बाजूने दुसऱ्या व्हीपीएसवरूनही मुंबई तपासा. नुसतं पोर्ट उघडं आहे का एवढंच बघून भागत नाही. दर अर्ध्या तासाने बाहेरच्या एका पत्त्यावरून मेल पाठवायची आणि ती मेलबॉक्सात पोचली का ते स्क्रिप्टने बघायचं. डिस्क भरली की पोस्टफिक्सचं पोर्ट उघडंच असतं, पण ते ४५२, म्हणजे 'जागा नाही, नंतर या', म्हणत प्रत्येकाला परत पाठवत असतं.

गावभागकर

@रात्रपाळी, आत्ताच बघितलं. रजिस्ट्रारकडचा मोबाइल नंबर आधीच्या माणसाचाच आहे. तो अजून सांगलीतच असतो, सोमवारी त्याला बोलावून बदलून घेतो.

मालकांशीही बोललो. दोन व्हीपीएस मिळून २३०० च्या आत बसताहेत, उरलेल्यात कुपवाडच्या यूपीएसच्या बॅटरीचा खर्च निघेल. आधी दुसरा व्हीपीएस उभा करतोय, डीएनएस तिकडे नेतोय, मग मुंबई, आणि गावभागातलं मशीन सगळ्यात शेवटी बंद.

एकच राहिलं. आउटलुकमध्ये ६० जणांकडे सर्व्हरचं नाव म्हणून थेट ऑफिसचा आयपी टाकलेला आहे. तो आत्ताच नावात बदलून ठेवू ना?

टपालखातं

हो, आणि हलवाहलवीच्या आधी करा. आयमॅपला एक नाव, एसएमटीपीला दुसरं, वेबमेलला तिसरं. आज तिन्ही गावभागकडेच वळवलेली असली तरी चालेल. पुढे एकेक सेवा वेगळी हलवता येते आणि कुणाच्याही टेबलाशी जावं लागत नाही. मोबाइलवरची खातीही बघा, विक्रीची माणसं बाहेरगावी असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा.

उघड्या आयपीवर चालणाऱ्या आउटलुकमध्ये बहुतेक ठिकाणी सर्टिफिकेटची तपासणीही बंद करून ठेवलेली असते किंवा दर वेळी येणारी चेतावणी लोक 'यस' दाबून घालवतात. नाव टाकताना ती चालू करा. पोर्टलच्या पीएचपीमध्येही आयपी लिहिलेला असेल तर तोही शोधून काढा, आणि स्कॅनर-झेरॉक्सचं मशीन मेल पाठवत असेल तर त्याचा मेनू उघडून बघा. ते हमखास राहतं.

गावभागकर

झेरॉक्स मशीनमध्ये आहे, आत्ताच बघून आलो. कारखान्यातल्या कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनच्या पीसीतही निघाला, तिथून इन्स्पेक्शन रिपोर्ट थेट गिऱ्हाइकाला जातात. यादी करायला घेतलीय.